उजव्या मांडीचं माप

१

पोंभुर्ण्याच्या त्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून माहेरून परतली आणि कोणाच्या दारात कुठली गाडी थांबली, हे खैरुनबाईला विचारल्याशिवाय पक्कं होत नसे. कोणी तिला नाक खुपसणारी म्हटलं तर ती म्हणायची, "मंग कोण खुपसन? तुमची तं नाकंच चोंदलेली आहेत." स्वभाव असा की भांडण ऐकायला जायची आणि येताना दोन्ही घरी भाजीची वाटी ठेवून यायची.

शेजारच्या कांताबाईच्या अश्वजितला आष्टीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकनं उडवलं, तेव्हापासून खैरुनबाईचे दिवस बांधले गेले होते. पोरगा चोवीस वर्षांचा. वनरक्षकाच्या भरतीसाठी रोज सकाळी सात किलोमीटर पळणारा. चाकानं उजव्या मांडीचं समोरचं मांस हाडापर्यंत खरवडून नेलं. ट्रक थांबला नाही. थांबलाही असता तरी नेलेलं मांस कुठून परत देणार होता, असं खैरुनबाई म्हणायची, आणि म्हणताना हातातलं भांडं आपटायची.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं पाय वाचवला. एवढं मांस गेलं की ते आपोआप भरून येत नाही म्हणे, पायाची काठी होते. म्हणून डॉक्टरांनी खड्ड्यात एक जाळी बसवली. त्या जाळीच्या आधारानं नवीन मांस धरणार होतं.

कांताबाई आशा वर्कर, नऊला घराबाहेर पडायची. तिचा नवरा हरिदास लाकूड डेपोत नोकरीला, रविवारी तेवढा घरी. मग दहा वाजता खैरुनबाई जाऊन बसायची. खुर्चीवर बसवून पोराकडून व्यायाम करून घ्यायचा. टाच खाली, चवडा वर. चवडा खाली, टाच वर. वीस वेळा. आणि दर सोमवारी मांडीचं माप. त्यासाठी टेप तिच्याच घरचा होता. तिचा नवरा अयूब टेलर. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. गल्लीकडच्या खोलीत त्याचं पायमशीन अजून तसंच होतं. तिच्याच हिरव्या पोलक्याची बाही अर्धी शिवून सुईखाली ठेवून तो चहा प्यायला उठला आणि दारात कोसळला. ती बाही तिनं काढली नव्हती. महिन्यातून एकदा मशीनला तेल द्यायची, वरची चादर झटकायची आणि दार ओढून घ्यायची.

डावी मांडी एकोणीस इंच. उजवी चौदा. मग साडेचौदा. मग पंधरा.

"धरून राह्यलं," कांताबाई कॅलेंडरवर आकडा लिहून म्हणायची. "वीस तारखेले डॉक्टर पाहतीन. मांस जिवंत असलं तं काठी सोडायची म्हणतीन. भरती गेली उडत, माझं लेकरू आपल्या पायानं संडासले जावो."

२

सोळा इंच झाले त्या आठवड्यात खैरुनबाई दुपारी घरी बसून तांदूळ निवडत होती. दोन्ही घरांत भिंत एकच, अर्ध्या विटेची. पलीकडे कोणी उसासा टाकला तरी इकडे कळायचा.

टक. टक. टक. टक.

पायाचा आवाज. पातळ चप्पल फरशीवर वाजावी तसा. तिनं हातानं भिंत ठोकली.

"अश्वजित, वीसच सांगतले होते न डॉक्टरनं? पाय काय फुकटात भेटला तुले?"

"मी नाई करून राह्यलो, चाची."

"मंग कोण, तुहा बाप?"

"पायच करून राह्यला."

ती उठून गेली. पोरगा खुर्चीत बसून मोबाईल पाहत होता. उजवा पाय खाली एकसारखा चालत होता. टाच, चवडा, टाच, चवडा. बाकी अंग स्वस्थ. तिनं गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा हाताखाली मांडीचं नवीन मांस घट्ट होऊन सैल पडत होतं, पुन्हा घट्ट होत होतं.

संध्याकाळी कांताबाईनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खूश झाले. मज्जातंतू वाट शोधत येतात तेव्हा असं फडफडतं म्हणाले. चांगली खूण आहे.

"फडफडत नाई वो ते," खैरुनबाई म्हणाली. "काम करून राह्यलं."

कांताबाईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं जीभ चावली. आई तीन महिन्यांनी हसत होती. अशा वेळी कोण कशाला बोलतं?

३

पण कान काही बंद करता येत नाहीत.

सकाळी दहाला सुरू व्हायचं. एकला थांबायचं. तीनला पुन्हा सुरू, सातला बंद. पोरगा झोपलेला असो, जेवत असो, त्याच्याशी संबंध नाही. खैरुनबाईनं आधी स्वतःचीच समजूत घातली. दहाला ती स्वतः व्यायाम करून घेते, म्हणून पायाला सवय लागली असेल. एकला जेवण. शरीर म्हणजे घड्याळच असतं. गाईला नाही का चाऱ्याची वेळ कळत?

मग शुक्रवार आला. ती अश्वजितजवळ बसून लसूण सोलत होती. साडेबारा वाजले आणि पाय थांबला. तिनं हातातली पाकळी तशीच धरली. जुम्म्याच्या नमाजाची वेळ. दोन वर्षांपूर्वीपर्यंत साडेबाराला पलीकडच्या खोलीतलं मशीन थांबायचं, अयूब टोपी घेऊन निघायचा, अडीचला परत यायचा.

पायही अडीचला सुरू झाला.

मशिदीचा भोंगा ऐकून थांबला असेल, तिनं मनाला सांगितलं. आवाजानं दचकतंच की मांस. पुढच्या शुक्रवारी सकाळपासून वीज नव्हती, भोंगा वाजला नाही. ती भिंतीवरच्या घड्याळासमोर पदर कमरेला खोचून उभी राहिली, चोर पकडायला उभं राहावं तशी. साडेबाराला पाय थांबला.

थांबण्याआधी टाच थोडी उचलली गेली आणि फरशीवर दोनदा घासली. खर्र, खर्र.

शिवण संपली की अयूब पायडलच्या जाळीवर टाच अशीच दोनदा घासायचा, घरात यायच्या आधी चिखल पुसावा तशी. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, हे काय खूळ? तो म्हणाला होता, काम झालं हे मशीनला कळायला नको?

बत्तीस वर्षं तिनं ते ऐकलं होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर कळलं नसतं.

"चाची, रडून राह्यली काय?" अश्वजितनं विचारलं.

"लसूण आहे," ती म्हणाली.

४

"ही जाळी कायची आहे वो, कांताबाई?"

"जाळी म्हणजे जाळी."

"नायलानची?"

"नाई. निसर्गातली आहे. शरीर पकडते तिले."

"निसर्गात तं कोळ्याची पण असते."

कांताबाई थकून आली होती. दिवसभर पाच गावं फिरलेली. तिनं फाईल पुढ्यात टाकली. "वाच, बाप्पा. तुह्या पोटात नाई तं पाणी पचाचं नाई."

खैरुनबाई सातवी शिकलेली. बोट ठेवून वाचायची. फाईलमध्ये मराठीत छापलेलं एक माहितीपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की दात्याच्या शरीरातून घेतलेली ऊती धुऊन, तिच्यातल्या सर्व पेशी काढून टाकून ही जाळी तयार केली जाते.

"ऊती म्हणजे?"

"मांस, कातडं, त्याच्यावरचा पडदा, काहीही."

"आणि दाता कोण? बकरा?"

"माणूस," कांताबाई म्हणाली. "मेलेला. पण त्याचं काई राहत नाई त्याच्यात. डॉक्टरनं मले नीट समजावलं. इतकं धुतात, इतकं धुतात, का आधीच्या माणसाचं नावनिशाण उरत नाई. रिकाम्या घरासारखं असते. भिंती तेवढ्या. मंग अश्वजितच्या पेशी तिथी राह्याले जातात."

"कोणाचं घर ते सांगत नाई?"

"नाई सांगत. नियम आहे. पाकिटात बंद करून दोन-दोन वर्षं ठेवतात. कुठून कुठी जाते, कोण ध्यानात ठेवन?"

खैरुनबाईनं फाईलवरचं नाव पाहिलं. तोच दवाखाना. कोसळल्यावर अयूबला तिथंच नेलं होतं, आणि तिथूनच तिनं त्याला चादरीत गुंडाळून आणला होता. त्या दिवशी सोबत होती ती हीच कांताबाई.

५

लोखंडी पेटीत अयूबचे कागद होते. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, गुलाबी रंगाचा एक पातळ कागद. तो तिनं कधी उघडला नव्हता. दाखला लागायचा तेव्हा दाखला काढायची, बाकी परत ठेवायची.

दुपारी तीनला, भिंतीपलीकडे पाय सुरू झाल्यावर, तिनं तो गुडघ्यावर पसरला.

तिला तो व्हरांडा आठवला. फिनेलचा वास, चाकाची खुर्ची, डोळे लावून घेतलेली आपण. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. एक मुलगी कागद घेऊन आली, भराभर काहीतरी बोलली, कांताबाईनं कागद घेतला आणि बोट ठेवलं. इथी कर सही, बाई. तिनं केली. कांताबाईचं बोट जिथं असेल तिथं गल्लीतल्या सगळ्या बायकांनी सह्या केल्या होत्या. लसीच्या, बाळंतपणाच्या, शिबिराच्या. त्यात विचारायचं काय?

आता बोट तिचं स्वतःचं होतं आणि शब्द एकेक करून वर येत होते. माझ्या पतीच्या मृत्यूनंतर. त्वचा, हाडे व इतर ऊती. देण्यास माझी संमती आहे. मला सर्व माहिती माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे.

खाली तिचीच सही. खैरुन अयूब शेख. वळणदार. लग्नानंतर अयूबनं गिरवून घेतलेली.

भिंतीपलीकडे टक, टक, टक. लांब शिवण असावी. पायजमा असेल.

तिला रडू आलं नाही. मस्तकात काहीतरी उकळी फुटून वर येत होतं, आणि ते कोणावर ओतायचं हे कळत नव्हतं. मागितलं असतं तर त्यानंच दिलं असतं. लोकांचे फाटके कपडे फुकट शिवून देणारा माणूस तो. वाकून म्हणाला असता, घ्या, कुठून पाहिजे तिथून घ्या. पण विचारलं का नाही? माझ्या भाषेत समजावलं म्हणे. कोणत्या भाषेत? हॉर्नच्या?

६

अयूबचा धाकटा भाऊ जाहिद मशिदीजवळ पंक्चर काढायचा. आपल्या लोकांत कोणी पुरुष गेला की त्याला गुस्ल देणारा, म्हणजे शेवटची आंघोळ घालणारा, तोच. अयूबलाही त्यानंच आंघोळ घातली होती. खैरुनबाईला बाहेर बायकांत बसवलं होतं. तिनं नवऱ्याचा पाहिला तो फक्त चेहरा.

ती गेली तेव्हा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"जाहिद, भाईच्या अंगावर काय होतं?"

त्यानं वर पाहिलं नाही. "भाभी, गुस्ल देणारा पाह्यलेलं सांगत नाई. पाप आहे ते. मयताचा पडदा असते."

"त्याचा पडदा माह्यापासून? बत्तीस वर्षं त्याच्या अंगाचं पाणी मी तापवलं."

"तरी पण."

"मी इचारत नाई का काय पाह्यलं. उजवी का डावी, एवढंच सांग."

जाहिदनं ट्यूब पिळली. बराच वेळ पिळत राहिला. तिच्यात पाणी नव्हतंच.

"तीन पाणी घालतात मयताले," तो शेवटी म्हणाला. "भाईले सात घातले. थांबत नव्हतं. कापूस खूप लागला, भाभी. दोन बंडल. आणि टाके... आमच्या इमानदार टेलरच्या अंगावर असे टाके. रजाईले घालतात तसे."

बोलता बोलता त्याचा ओला हात स्वतःच्या उजव्या मांडीवर जाऊन थांबला होता. त्याच्या ध्यानात आलं तसा त्यानं तो चटकन उचलला. विजारीवर पंजाचा ओला डाग उमटला.

"दोन वर्षं," खैरुनबाई म्हणाली. "दोन वर्षं ईदले माह्या घरचा शिरखुर्मा खाऊन राह्यला तू. जीभ भाजली नाई तुही?"

"भाजत होती," तो म्हणाला.

७

कांताबाई नळावर भेटली. बाकीच्या बायकांनी बादल्या भरल्या असोत-नसोत, उचलल्या आणि वाट दिली.

खैरुनबाईनं गुलाबी कागद पुढे केला. कांताबाईनं वाचला. ती भराभर वाचायची, पण या वेळी तिला वेळ लागला. नळाखालची घागर भरून वाहत राहिली.

"मी नव्हता वाचला," ती म्हणाली.

"बोट तं ठेवलं तू."

"शंभर फारमावर ठेवतो मी बोट. त्या दिवशी गाडी उभी होती, तू शुद्धीत नव्हती. मले वाटलं मयत न्यायचा कागद आहे. आईच्यान."

"माह्या माणसाले कापलं त्यांनी. आणि तुह्या पोराच्या टांगेत शिवलं."

"हे कुठी लिहिलं आहे? हजार लोक मरतात तिथी." कांताबाईचा आवाज चढला. "माह्या घरी पोरगं बसून आहे आणि तू भिंतीले कान लावून त्याचे ठोके मोजून राह्यली. हे काय शेजारपण आहे? आमच्या घरी भूतबीत नाई चालत, खैरुनबाई. बाबासाहेबाचा फोटो आहे भिंतीवर."

"मी कुठी म्हणली भूत. माणूस म्हणली मी."

"मंग इचार न तुह्या माणसाले, पाय देऊन राह्यला तं देऊ दे म्हणा."

खैरुनबाईच्या हातून बादली सुटली. कांताबाईला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तिनं पुढे होऊन खैरुनबाईचं मनगट धरलं. आवाज एकदम खाली आला.

"वीस तारखेलोक थांब. डॉक्टरसमोर तोंडातून शब्द काढू नको. पाय आपल्या मनानं हालते, त्याच्या मनानं नाई, असं कळलं तं पुन्हा फाडतीन. काढून टाकतीन सगळं. मंग माह्या पोराले काय राह्यलं? हात जोडतो तुले."

खैरुनबाईनं मनगट सोडवून घेतलं. घरी गेली आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी दहाला ती शेजारी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या सोमवारचं माप राहिलं.

८

मंगळवारी दुपारी ती बाजारातून परतत होती. ऊन डोक्यावर होतं, गल्ली रिकामी. हातातल्या पिशवीत वांगी. घर चार पावलांवर असताना तिला आवाज आला आणि पाऊल तिथंच रुतलं.

हा फरशीचा आवाज नव्हता. मशीनचा होता. चामडी पट्ट्याची सळसळ, सुईचा खडखडाट, खाली पायडलचं लोखंडी कुरकुरणं. तिच्या घरातून.

गल्लीकडच्या खोलीची बाहेरची कडी उघडी होती. दाराला अश्वजितची काठी टेकून ठेवलेली.

तिनं दार ढकललं. खोलीत उन्हाचा एकच पट्टा पडला होता. चादर खाली पडलेली. स्टुलावर अश्वजित. घामानं निथळत होता. दोन्ही हातांनी उजवी मांडी दाबून धरली होती, कुत्र्याला धरतात तशी, आणि हातांसकट मांडी वरखाली होत होती.

"चाची, मी नाई आलो," तो म्हणाला. "मले आणलं. थांबव न याले. आईची शपथ, दुखून नाई राह्यलं, पण थांबव."

मशीनवर कोणाचाच हात नव्हता. हिरवी बाही सुईखालून सरकत होती. सरळ. रेघ मारल्यासारखी. अर्धी राहिलेली शिवण काठापर्यंत गेली, आणि पाय थांबला. टाच उचलली गेली. खर्र, खर्र.

पोराचा पायजमा गुडघ्याच्या वर गोळा झाला होता. मांडीवरच्या गुळगुळीत नव्या कातडीखाली काहीतरी हळूच सरकलं, कूस बदलल्यासारखं. तिच्याकडे.

ती पळाली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. पण तिला भीती वाटायच्या आधी दोन महिन्यांचा, दोन वर्षांचा, नळावरचा, व्हरांड्यातला सगळा संताप तोंडाशी आला. पिशवी फेकून ती पुढे गेली आणि त्या मांडीसमोर उकिडवी बसली. पोराच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही.

"कोणाले इचारून गेले तुमी?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आणि कोणाले इचारून आले? कबरीत पूर्ण गेले नाई. घरी पूर्ण आले नाई. माह्या पोलक्याची बाही शिवाले दुसऱ्याच्या लेकराले उन्हातून फरफटत आणता? त्यांनी तुमाले कापलं तवा गप पडून राह्यले न? मंग आता पण पडून राहा. हालू नका. मी म्हणत नाई तोवर बोटभर हालायचं नाई."

मांडी थरथरली आणि सैल पडली. पायडलवरून पाय घसरून जमिनीवर आला, ओल्या कपड्यासारखा.

९

वीस तारखेला डॉक्टरांनी पाय पाहिला. सुया टोचल्या, यंत्र लावलं. मांस जिवंत आहे, रक्त आहे, मज्जातंतू आहे. माप साडेअठरा. सगळं आहे. पण पाय हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता एकच उपाय. महिनाभर वाट पाहू, तरी हलला नाही तर उघडून जाळी काढून टाकू.

हे खैरुनबाईला कोणी सांगितलं नाही. भिंतीनं सांगितलं. हरिदास रजा टाकून आला होता. हळू आवाजात बोलणं, मग कांताबाईचं रडणं, मग भांडी घासण्याचा आवाज, मुद्दाम मोठा.

पायाचा आवाज नव्हता. दहाला नाही, तीनला नाही. खैरुनबाई घड्याळ पाहायची आणि वाट पाहत नाही असं दाखवायची, घरात दुसरं कोणी नव्हतं तरी. शिवलेली बाही तिनं सुईखालून काढली नव्हती. दार बाहेरून बांधून टाकलं होतं, सुतळीनं, सात गाठी मारून. सात गाठी मारून झाल्यावर तिला जाहिदचं सात पाणी आठवलं आणि तिनं हात कपड्याला पुसले.

ती मनाला म्हणायची, माझ्या बोलण्यानं काय होतं? पोरगा भेदरला, पाय गारठला. डॉक्टरांकडे याला काहीतरी नाव असेल.

पाचव्या दिवशी कांताबाई दारात आली. चप्पल बाहेर काढून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी चप्पल काढून उभी राहिली नव्हती, सरळ चुलीपर्यंत यायची.

"अश्वजितनं सांगतलं मले. तू काय म्हणली ते."

खैरुनबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मी खोटी बोलली त्या दिवशी. बोट ठेवताना वरची ओळ वाचली होती मी. ऊती शब्द वाचला. मले वाटलं, आता मेलेल्या माणसाचं काय. तुले समजावत बसलो असतो तं गाडी गेली असती." कांताबाईनं डोळे पुसले नाहीत. "तुले जे कराचं ते मले कर. वाटलं तं गल्लीत मारत ने. पण त्याले बोल. एक शब्द बोल, बाई. पोराच्या पायाले बोल."

खैरुनबाईला वाटलं, आता हिच्या थोबाडीत द्यावी. हात उचललाही गेला. पण तो खुंटीकडे गेला आणि टेप घेऊन खाली आला.

१०

अश्वजित खुर्चीत बसला होता. पाच दिवसांत डोळे आत गेले होते. तिला पाहून तो खुर्चीतच मागे सरकला. खैरुनबाईला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

ती खाली बसली. उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. कातडी गरम होती.

"माफ नाई केलं," ती म्हणाली. "कोणालेच नाई केलं. पण या पोरानं तुमचं काई घेतलं नाई. त्याले चालू द्या. त्याच्या मनानं. तुमचं माहं मंग पाहू."

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेरून भंगारवाल्याची हाक गेली. मग हाताखाली मांडी घट्ट झाली, सैल पडली. अश्वजितच्या तोंडून श्वास सुटला.

"चाची, मी उचलला," तो म्हणाला. "मीच उचलला."

तो उभा राहिला. काठी न घेता खिडकीपर्यंत गेला, परत आला. आवाज झाला तो चालण्याचा. कांताबाई भिंतीला धरून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. खैरुनबाईचेही डोळे भरले. काही झालं तरी तिनं या पोराला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती म्हणाली, "बस आता, मिरवू नको. माप राह्यलं आहे."

तो बसला. तिनं उजव्या मांडीला टेप गुंडाळला. एकोणीस. काटेकोर एकोणीस.

मग डाव्या मांडीला. ही त्याची स्वतःची. या पायावर ट्रक गेला नव्हता, कात्री लागली नव्हती, टाका पडला नव्हता. तिनं घेर धरला आणि आकडा वाचायला वाकली.

एकोणीस.

तिच्या तोंडाजवळच डाव्या पायाची टाच थोडी उचलली गेली आणि फरशीवर दोनदा घासली. खर्र, खर्र.

तिनं वर पाहिलं. अश्वजित आईकडे पाहून हसत होता. त्याला कळलंही नव्हतं. टेपच्या खाली, जिथं कोणी काही शिवलं नव्हतं तिथं, काहीतरी घट्ट झालं आणि सैल पडलं.

"काय झालं, खैरुनबाई?" कांताबाईनं विचारलं. "काऊन थांबली? किती आलं?"

खैरुनबाईला जाहिदची पिळलेली ट्यूब आठवली, आणि दोन वर्षं भाजत राहिलेली त्याची जीभ. तिनं टेप सावकाश गुंडाळला. कडा नीट जुळवल्या.

"काई नाई," ती म्हणाली. "दोन्ही सारखे झाले."